तुमच्या लेखी सर्वोत्तम अ‍ॅनिमेशनपट कोणता? आणि त्यातला कोणता क्षण मनातून जात नाही?

शाईपेन (धागाकर्ता)

मागच्या रविवारी सहा वर्षांच्या भाचीला शेजारी घेऊन 'माय नेबर टोटोरो' (१९८८) पुन्हा पाहिला. तोवर तिची अखंड बडबड चालू होती. बसथांब्याचा प्रसंग आला आणि ती एकदम गप्प झाली.

त्या प्रसंगात घडतं काय, तर जवळजवळ काहीच नाही. रात्र आहे, पाऊस आहे, दोन बहिणी छत्री घेऊन बाबांची वाट बघत उभ्या आहेत. बस येते, त्यातून बाबा उतरत नाहीत. धाकटीला झोप अनावर होते, थोरली तिला पाठुंगळी घेते. मग छत्रीच्या कडेखालून थोरलीला शेजारी दोन मोठे केसाळ पाय दिसतात. टोटोरो येऊन उभा राहिलेला असतो, डोक्यावर नुसतं एक पान. ती बाबांसाठी आणलेली छत्री त्याला देते. झाडावरून थेंब छत्रीवर पडतात आणि त्या आवाजाने त्याचे डोळे विस्फारतात. शेजारी बघितलं तर भाचीचेही विस्फारलेले.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. कॅमेऱ्यासमोर माणसं उभी करून काढलेल्या चित्रपटात पाऊस पडत असेल तर तो पडतोच, नटाची पापणी आपोआप लवते, केस वाऱ्याने उडतात. अ‍ॅनिमेशनमध्ये यातलं काहीही फुकट मिळत नाही. थेंब कुठे पडेल, किती वेळाने दुसरा पडेल, मधल्या काळात मुलगी किती निश्चल राहील, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं आणि मग हाताने काढलेलं असतं. एवढ्या मेहनतीच्या माध्यमात जो दिग्दर्शक 'काहीच न घडण्यावर' मेहनत खर्च करतो, त्याचेच चित्रपट माझ्या मनात वर्षानुवर्षं राहिलेत.

रॉजर ईबर्ट या समीक्षकाने टोटोरोचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकींना अशा स्तब्ध जागांबद्दल विचारलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवून दाखवल्या आणि दोन टाळ्यांमधल्या रिकाम्या वेळेला जपानीत 'मा' म्हणतात असं सांगितलं. बसथांबा म्हणजे तो 'मा'.

तर नुसती यादी नको. आवडता चित्रपट सांगा, पण त्यातला एक क्षण सांगा आणि तो कसा जमला असावा तेही सांगा. पूर्ण लांबीचेच चित्रपट घेऊ या, लघुपटांसाठी वेगळा धागा काढता येईल.

काजवा

धागा वाचताच जे नाव मनात आलं ते लिहायला दोन दिवस लागले. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. गंमत म्हणजे तुमचा टोटोरो आणि हा चित्रपट जपानमध्ये एकाच दिवशी, १६ एप्रिल १९८८ला, एकाच तिकिटावर जोडून प्रदर्शित झाले होते. टोटोरो बघून उठलेल्या माणसाने पुढे हा कसा पाहिला असेल याची मला कल्पना करवत नाही.

मूळ कथा आकियुकी नोसाका यांची, १९६७ची. युद्धात त्यांची लहान बहीण उपासमारीने गेली. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता स्वतः लहानपणी ओकायामावरच्या बाँबहल्ल्यातून वाचलेले. दोघांनीही ते पाहिलेलं आहे, हे प्रत्येक दृश्यात कळतं.

माझा क्षण अगदी सुरुवातीचा. मुलगा स्टेशनवर मेलेला आहे. त्याच्याजवळ गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा सापडतो. सफाई करणारा माणूस तो हलवून बघतो आणि बाहेर गवतात भिरकावतो. झाकण उघडतं, आतून काहीतरी पांढरं सांडतं आणि काजवे उडतात. डब्यात काय आहे हे आपल्याला तेव्हा माहीत नसतं. दीड तासाने कळतं. मी हा चित्रपट दोनदा पाहिला. दुसऱ्या वेळी मात्र त्या पहिल्या दृश्यातच रडू आलं, कारण आता डब्याचा खुळखुळ आवाज कशाचा आहे हे माहीत होतं.

हे खऱ्या माणसांना घेऊन केलं असतं तर बघवलं नसतं. रेघांची मुलगी आहे म्हणून आपण बघायला बसतो आणि मग ती रेघांची उरत नाही.

उभी_आडवी_रेघ

मी सात वर्षं इनबिटवीनर म्हणून काम केलं आहे, म्हणून थोडं आतून लिहिते.

सेकंदाला २४ चौकटी. बऱ्याचदा एक चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. मुख्य अ‍ॅनिमेटर महत्त्वाच्या अवस्था काढून देतो, कागदाच्या कडेला एक छोटी उभी पट्टी आखून त्यावर खुणा करतो की मधली चित्रं कुठे गोळा करायची आणि कुठे विरळ. ती मधली चित्रं काढणं हे आमचं काम. चार-पाच कागद बोटांच्या फटीत धरून पुढेमागे उलटत राहायचं, रेघ उडी मारते का ते बघत. रात्री डोळे मिटले तरी बोटं उलटत असायची.

शाईपेन, तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे, फक्त त्याला आणखी एक पदर आहे. स्तब्धता काढणं हालचालीपेक्षा अवघड असतं. पात्र पूर्ण थांबवलं की ते मरतं, पडद्यावर चिकटवलेलं चित्र वाटायला लागतं. त्यामुळे थांबलेल्या माणसाचाही श्वास काढावा लागतो. खांद्याची रेघ पेन्सिलीच्या टोकाएवढी वर, मग खाली. मी जिथे होते तिथे एकदा एका मालिकेतल्या म्हाताऱ्याच्या पात्राला बोलण्याआधी एक आवंढा गिळायला लावला होता. आठ चित्रं. दिवसाचा कोटा भरला नाही म्हणून ती आठही कापली गेली. पात्र थेट बोललं. तो भाग प्रसारित झाल्यावर पाहिला तेव्हा कुणाला काही कमी वाटलं नसेल, मला मात्र वाटलं.

म्हणून 'स्नो व्हाइट' (१९३७). तिच्या मृतदेहाभोवती बुटके बसलेत तो प्रसंग डिस्नेचे अ‍ॅनिमेटर फ्रँक थॉमस यांनी केलेला. तोवर कार्टून म्हणजे उड्या, आपटणं, ताणणं. इथे ते जवळपास हलतच नाहीत. अश्रू तेवढे ओघळतात. तासभर हसवणाऱ्या त्या बुटक्यांसाठी मोठी माणसं चित्रपटगृहात रडली. चित्रांसाठी माणसं रडू शकतात हे त्या प्रसंगाने सिद्ध केलं. पुढे १९८१मध्ये थॉमस आणि ओली जॉन्स्टन यांनी मिळून या कलेची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली, आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर ते असायचं.

आणि 'बांबी' (१९४२). त्याची पार्श्वचित्रं बघा. जंगल पानापानाने काढलेलं नाही. जिथे पात्र आहे तिथे थोडा तपशील, कडेला सगळं धुक्यात विरघळलेलं. ही दृष्टी टायरस वाँग या चिनी-अमेरिकी चित्रकाराची, चीनमधल्या सुंग राजवटीच्या काळातल्या निसर्गचित्रांवरून घेतलेली. ते डिस्नेमध्ये लागले होते ते इनबिटवीनर म्हणून. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

कंदील

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा.

मेहनत म्हणजे थोरवी नव्हे. 'लव्हिंग व्हिन्सेंट' (२०१७) घ्या. शंभरहून अधिक चित्रकार, सुमारे ६५,००० चौकटी, प्रत्येक चौकट कॅनव्हासवर तैलरंगात. मी तो पाहिला, थक्क झालो. पण आज तुम्ही विचारलंत तर एकही प्रसंग नीट आठवत नाही. सतत सळसळणारे रंगाचे फटकारे आठवतात. व्हॅन गॉगबद्दल माझं प्रेम वाढलं, त्या चित्रपटातल्या एकाही पात्राबद्दल वाढलं नाही.

याउलट 'पर्सेपोलिस' (२००७). काळा-पांढरा, सपाट, चेहऱ्याला चार रेघा. मार्जान सत्रापींनी स्वतःचंच आयुष्य विन्सेंट पारोनो यांच्यासोबत पडद्यावर आणलं, कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं. एवढं कमी काढूनही ती आजी माझ्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी आहे. माझ्यासाठी पात्र आणि कथा आधी. रेघ नंतर.

शाईपेन

@कंदील, राग कसला, नेमक्या जागी बोट ठेवलंत. मीही नुसत्या कष्टाची बाजू घेत नाहीये. कष्ट *कुठे* घातले, हा माझा मुद्दा. 'लव्हिंग व्हिन्सेंट'मध्ये ते सगळीकडे सारखे पसरलेत, म्हणून डोळा कुठे थांबत नाही. 'पर्सेपोलिस'मध्ये सगळं रिकामं ठेवून एका भुवईवर घातलेत. पण 'रेघ नंतर' हे मला पटत नाही. ती आजी तुम्हाला आठवते ती त्या चार रेघांमुळेच.

पुठ्ठा_कात्री

रेघेच्याही आधी कात्री होती!

हाती उरलेल्यांपैकी सर्वांत जुना पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट म्हणजे लॉटे राइनिगर यांचा 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अख्मेद' (१९२६). म्हणजे 'स्नो व्हाइट'च्या ११ वर्षं आधी. पॉट्सडॅममध्ये एका बँकरच्या गॅरेजच्या माळ्यावर, पतीच्या आणि मूठभर सहकाऱ्यांच्या मदतीने, तीन वर्षं. पुठ्ठ्याच्या आणि शिशाच्या पातळ पत्र्याच्या बाहुल्या, सांध्यांत तार, खालून उजेड, वरून कॅमेरा. पात्रांना चेहरा नाही, नुसती काळी बाजूची आकृती. तरीही नायिका पेरी बानू घाबरली की कळतं, लाजली की कळतं. मनगटाच्या एका वळणात सगळं येतं. मूळ निगेटिव्ह नष्ट झाली, आज आपण बघतो ती प्रत उरलेल्या फिल्मवरून नीट केलेली आहे.

स्टॉप मोशनची, म्हणजे बाहुल्या किंचित हलवत एकेक चौकट टिपणारी माणसं याच घराण्यातली. 'कोरलाइन' (२००९) बघताना नायिकेचा स्वेटर लक्ष देऊन बघा, तो खरोखर विणलेला आहे, केसाएवढ्या बारीक सुयांवर. आणि 'द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट' (२००५)मधला ग्रॉमिट कुत्रा! त्याला तोंडच नाही. एक शब्द बोलत नाही. मातीच्या कपाळावर अंगठ्याने भुवई जरा खाली दाबली की वैताग, जरा वर ढकलली की काळजी. मोठ्या पडद्यावर मातीत बोटांचे ठसे दिसतात आणि ते त्यांनी मुद्दाम पुसले नाहीत. मला तो ठसा दिसला की उगाच धीर येतो, इथे कुणीतरी होतं असं वाटतं.

पानगळ

+१ ग्रॉमिटला. अख्मेदबद्दल पहिल्यांदाच कळलं, आज रात्री बघणार.

रात्रपाळी

सगळे हाताने काढलेल्यांबद्दल बोलताहेत, संगणकवाल्यांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. तिथेही काही फुकट येत नाही हो! संगणकावरचं पात्र तर सोडून दिलं की पुतळाच. पापणी लववायची तर तीही कुणीतरी ठरवून लववतो.

'टॉय स्टोरी' (१९९५) हा पूर्णपणे संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. खेळणीच का घेतली? कारण त्या काळचा संगणक जे काही दाखवी ते प्लास्टिकसारखं दिसे. त्वचा, केस, कापड जमत नव्हतं. त्या चित्रपटातली माणसं आज बघवत नाहीत. मग ज्यांना प्लास्टिकच दिसायचं आहे अशीच पात्रं निवडली. हत्याराची मर्यादा ओळखून तिच्यातूनच गोष्ट काढणं, याला मी थोरवी म्हणतो. बझ लाइटइयरला आपण खेळणं आहोत हे टीव्हीवरच्या जाहिरातीतून कळतं, तो तरीही जिन्याच्या कठड्यावरून उडायचा प्रयत्न करतो आणि पडतो, हात तुटून बाजूला. प्लास्टिकच्या तुटलेल्या हाताने मला इतकं वाईट का वाटावं?

'अप' (२००९)चा सुरुवातीचा संसार तर सगळ्यांना माहीत आहे. काही मिनिटांत लग्नापासून मृत्यूपर्यंत, एकही संवाद नाही, मायकेल जिआकिनोची एकच धून वेग बदलत राहते. त्यातला टाय बांधण्याचा तुकडा परत बघा. बायको नवऱ्याचा टाय सारखा करते, टाय बदलत जातात आणि त्याबरोबर वर्षं सरतात. नुसत्या कापडाच्या पट्टीवर सगळा संसार उभा केलाय.

पण माझं मत 'स्पायडर-मॅन : इन्टु द स्पायडर-व्हर्स' (२०१८)ला. @उभी_आडवी_रेघ, तुम्ही सेकंदाला १२ चित्रांचं लिहिलंत म्हणून हे तुमच्यासाठी. जंगलात दोघं जाळ्यांवरून झेपावतात तेव्हा पीटर २४च्या लयीत हलतो आणि माइल्स १२च्या. एकाच दृश्यात! एक सराईत, एक नवखा. बघणाऱ्याला कारण कळत नाही, माइल्स अडखळतोय एवढंच जाणवतं. पुढे त्याला जमायला लागतं तसा तोही सफाईदार होतो.

उभी_आडवी_रेघ

@रात्रपाळी, हे माहीत नव्हतं! आत्ता तो तुकडा थांबवत थांबवत पाहिला. खरंच, माइल्सचं चित्र एक चौकट सोडून बदलतंय. आम्ही जे खर्च वाचवायला करायचो, त्याचा यांनी अभिनय केला. सकाळपासून हेच डोक्यात आहे.

कानसेन

कुणीच आवाजाबद्दल लिहीत नाही हे बघून राहवलं नाही. चित्राबरोबर आवाजही फुकट येत नाही, तिथे ध्वनिमुद्रण करायला मुळात काही घडलेलंच नसतं.

'वॉल-ई' (२००८)चा पहिला मोठा भाग जवळजवळ संवादाविना आहे. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी वॉल-ई या यंत्रमानवाच्या चालीचा आवाज हाताने फिरवायच्या एका जुन्या जनरेटरच्या घरघरीतून बनवला. म्हणूनच तो अवजड, जुना आणि तरी जिवंत वाटतो. 'फ्लो' (२०२४) तर पूर्णच शब्दांविना. लॅटव्हियाचा दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस, ब्लेंडर हे कुणालाही मोफत मिळणारं सॉफ्टवेअर, आणि २०२५मध्ये ऑस्कर. त्यातले प्राणी प्राण्यांच्याच आवाजात बोलतात, फक्त कॅपिबारा या उंदराच्या कुळातल्या मोठ्या प्राण्याला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय, कारण खऱ्या कॅपिबाराचा आवाज त्या शांत स्वभावाला शोभत नव्हता. मांजर पाण्यात पडते तेव्हा पाण्याखाली गेल्याबरोबर सगळा आवाज दबतो, तिथे मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

शांततेवरून एक आठवलं. मियाझाकींचा 'कॅसल इन द स्काय' (१९८६) दोन तासांचा आहे, पण मूळ चित्रपटात संगीत साधारण तासाभराचंच. पुढे इंग्रजी आवृत्तीसाठी मूळ संगीतकार जो हिसाइशी यांच्याकडूनच ते वाढवून घेतलं, कारण तिकडच्या प्रेक्षकाला इतका वेळ संगीत नसण्याची सवय नाही असं वाटलं. मी दोन्ही पाहिले. वाढवलेलं संगीत सुंदरच आहे, पण मूळ आवृत्तीत वारा ऐकू येतो.

शाईपेन

@कानसेन, "मूळ आवृत्तीत वारा ऐकू येतो". मी धाग्यात जे सांगू पाहत होतो ते हेच.

'स्पिरिटेड अवे'मधली (२००१) आगगाडी आठवा. बर्लिन महोत्सवाचं सुवर्ण अस्वल आणि ऑस्कर दोन्ही मिळालेला चित्रपट, आणि त्याचा कळस कुठे आहे? लढाईत नाही. पाण्यावरून जाणाऱ्या गाडीत नायिका चिहिरो आणि नो-फेस हे मुखवट्याचं भूत शेजारी शेजारी बसून राहतात. सहप्रवासी नुसत्या सावल्या. फलाटावर एक मुलगी-सावली उभी आहे, गाडी पुढे निघून जाते. ती कोण, कुणाची वाट बघते, कधीच कळत नाही. बाहेर अंधार पडत जातो. दहा वर्षांच्या मुलीने आपण आता परत येऊ की नाही हे माहीत नसताना शांतपणे बसणं, ही तिची वाढ आहे आणि ती दाखवायला त्यांनी तिला काहीही करायला लावलं नाही.

कंदील

ठीक आहे, एवढं वाचल्यावर मीही एक रेघेचाच चित्रपट लिहितो. ताकाहातांचा शेवटचा, 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' (२०१३). कोळशाची रेघ, फिका जलरंग, कडांना कागद कोराच ठेवलेला. मेजवानीत पाहुणे तिच्याबद्दल वाटेल ते बोलतात, ती ऐकते आणि वाड्यातून धावत सुटते. तेव्हा रेघच फुटते. वस्त्रं एकेक मागे पडत जातात, चेहरा नुसता खरडल्यासारखा होतो, झाडं म्हणजे काळे फराटे. आधीचा तासभर जपलेली नाजूक रेघ तिच्या संतापाबरोबर विस्कटते. इथे पात्र आणि रेघ वेगळी काढता येत नाहीत, हे मान्य.

झुळूक

आयर्लंडच्या कार्टून सलूनचा 'वुल्फवॉकर्स' (२०२०) कुणी लिहिला नाही? शहरातली रेघ जाड आणि सरळ, जुन्या लाकडी ठशांच्या छापील चित्रांसारखी. जंगलात शिरलं की रेघ मोकळी होते, गोलाई येते, पेन्सिलीच्या खालच्या कच्च्या खुणासुद्धा तशाच ठेवलेल्या दिसतात. शहरातली मुलगी लांडगी होते तशी तिची रेघही जंगलाची होते.

आणि जपानी दिग्दर्शक सातोशी कोन! 'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस' (२००१)मध्ये म्हातारी अभिनेत्री आठवणी सांगते, ती एका काळात धावत दार उघडते आणि दुसऱ्याच काळात, दुसऱ्याच चित्रपटात बाहेर पडते. ते गेले तेव्हा ४६ वर्षांचे होते. चारच पूर्ण चित्रपट करून गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

पानगळ

अख्मेद पाहिला. शेवटाकडे जादूगार आणि चेटकीण रूपं बदलत लढतात, सिंह, साप, विंचू, ते बघताना शंभर वर्षांपूर्वीचं आहे हे विसरले. आईसुद्धा येऊन मागे उभी राहिली होती. ती म्हणाली, "हिचे हात केवढे बोलतात."

@पुठ्ठा_कात्री, खूप आभार.

उभी_आडवी_रेघ

शाईपेन, तुमच्यामुळे काल बसथांबा पुन्हा पाहिला, आमच्या जुन्या सवयीप्रमाणे एकेक चौकट पुढे सरकवत. टोटोरो तिथे बराच वेळ नुसता उभा असतो. एवढं प्रचंड अंग, आणि त्याला ते हलवत बसत नाहीत. पाऊस पडतो, थेंब येतो, मग डोळे. थोरलीच्या पाठीवरची झोपलेली धाकटी मात्र बघा. थोरली तिला एकदा सावरून घेते, थोडंसं वर उचलून. ओझं खाली घसरतं तसं आपण सावरतो ना, तसंच.

कथेला त्याची काही गरज नाही. तेवढी चित्रं कुणीतरी मागून घेतली आणि कुणीतरी ती कापली नाहीत.

शाईपेन

हे मी इतक्या वेळा पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. आज संध्याकाळी भाची येणार आहे, तिला तेवढंच दाखवतो.